बावखलाला किल्ली कशाला

आये, आजच्या बावखलाच्या बैठकीला सगळ्यात आधी आले ते माझे थोरले दीर, तेही घरातली खुर्ची डोक्यावर घेऊन. तू मला गावातल्या गावात दिलीस, म्हणून सांगते, ज्यांचं नाक तू लहानपणी पदराने पुसायचीस, तेच हे. बावखलाच्या काठावर मधोमध खुर्ची टाकून बसले, जसं काही तळं त्यांच्याच नावावर. मग आम्ही बाया, आणि शेवटी मुंबईचे पाहुणे, दोन मुली नि एक दाढीवाला. गावातल्या पडीक जागा सुधारायचं शिकलेत म्हणे. एकीने तर चपला काढून सरळ चिखलात पाय घातला. मला तिथेच आवडली.

तुझ्या माघारी बावखलाची जी दशा झाली ती सांगवत नाही. घरोघरी नळ आले, मग बावखलात कचरा पडला, गटार सोडलं, आणि आता बुजवून गाड्या लावू असंही घाटत होतं. पाहुणे म्हणतात, गाळ काढू, सिमेंट नको, काठाला मातीचा उतार ठेवू, गटाराच्या तोंडाशी कर्दळ नि वाळा लावू, म्हणजे पाणी गाळून आत येईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. भाऊजी मात्र म्हणाले, "चौफेर भिंत घाला, फाटक लावा, किल्ली माझ्याकडे. उघडं राहिलं तर बाया बसतील गप्पा झोडत."

"किल्ली कशाला, भाऊजी? बावखल रात्रीचं फिरायला जातं काय?" मी म्हणाले. बाया अशा हसल्या की दाढीवाल्याच्या हातातली मोजायची टेप पडली. भाऊजी खुर्ची उचलून तरातरा घरी.

मग ती चिखलातली मुलगी मला विचारते, "आजी, पूर्वी तुम्ही इथे कुठे बसायचात?" बसलो कधी गं आपण? धुणी धुतली, कळश्या भरल्या, केळीला पाणी सोडलं. बाप्ये काठावर विड्या ओढत बसत, ते चालायचं. मी एकदाच बसले होते, पाण्यात पाय सोडून. बारके मासे टाचेला लागत होते, नुसत्या गुदगुल्या. तू मागून येतेस, वेणी धरतेस, "पानी न्यायला आलीस का बसायला? लोक काय म्हनतील?" मी उठते, चालू लागते. वळून बघते तर तू कळशी कमरेवर घेऊन उभीच आहेस, पाण्याकडे बघत. बसली मात्र नाहीस. कधीच नाही बसलीस. मला राग येतो आये, तुझा नाही, त्या लोकांचा. आता म्हणू देत काय म्हणायचं ते. मी सगळ्यांदेखत सांगितलं, उंडीच्या झाडाखाली रुंद पायऱ्या हव्यात, पाण्यात उतरणाऱ्या, गुडघे दुखणारीलाही बसता येईल अशा. भिंत घालायचीच असेल तर मला आत ठेवून घाला.

पायऱ्यांची जागा चुन्याने आखायला परत येतो म्हणाले. एकदा रेघ पडली की खोदकाम तिथेच. संध्याकाळी भाऊजींनी कुंपणावरून विचारलं, "परत कधी येनार ते?" मी सांगितलं, गुरुवारी.

म्हणून हा कागद घरात ठेवायची सोय नाही. नातवंडांनी वाचला तर फुटेल. लिहून झाला की बंबात घालते.

पाहुणे बुधवारी सकाळी येणार आहेत.