यमाईला घातलेली दोन साकडी

इस्लामपूरनजीक,
जानेवारी १९७६

तीर्थस्वरूप बनुआक्का यांस,

धाकट्या लालासाहेबाचा पायावर डोकं ठेवून दंडवत. इकडे माणसं, म्हैस आणि ऊस यांची तब्येत चांगली आहे. तुमचा गुडघा कसा आहे ते कळवावे. दाजींचा खोकला थांबला असल्यास आनंद आहे, नसल्यास अडुळसा चालू ठेवावा (विडीविषयी मी काही लिहीत नाही, कारण पत्र तेच मोठ्यानं वाचून दाखवतात).

पत्र लिहायचं कारण म्हणजे माझी लेक विजयमाला, आपली विजू. इस्लामपूरच्या एका मंडळानं मुलींचा खो-खोचा संघ काढला आहे आणि त्यात तिची निवड झाली. शाळेच्या मैदानात खेळायचं असतं तर माझी काही हरकत नव्हती. पण हा संघ शनिवार-रविवार गावोगाव सामने खेळत फिरतो. आज विटा, पुढं सांगली, त्यापुढं वाई, आणि जाईल तिथं मुक्काम. पोरगी तेरा वर्षांची. आपले चुलते तात्याबा पारावर म्हणाले, अर्ध्या विजारीत पळणाऱ्या पोरीला स्थळ कुठलं येतंय. यावर तुमची भावजय साळूबाई म्हणाली, तात्याबांच्या पोरी कधी उंबऱ्याबाहेर पळाल्या न्हाईत, तरी त्यांस्नी जावई कसले मिळालं ते गाव बघतंय. तेव्हापासून तात्याबा आमच्याकडे चहाला येत नाहीत. साळूबाईच्या मते हा खो-खोचा पहिला फायदा.

मी पडलो पलटणीतला माणूस. इतकी वर्षं हुकूम पाळले, ठरवायची पाळी कधी आलीच नाही. म्हणून म्हटलं, आधी डोळ्यांनी बघावं. संघ औंधला निघाला तेव्हा पोरींचा राखणदार म्हणून मीही एस.टी.त बसलो. संघाला शिकवणाऱ्या मनुबाई म्हणून शाळामास्तरीण आहेत. त्यांनी माझ्या मिशा पाहून पाण्याची कळशी माझ्या मांडीवर दिली, आणि मी ती बंदुकीसारखी सांभाळली. पण कराड सोडल्यावर वळणं सुरू झाली आणि पुसेसावळीच्या अलीकडं माझ्या पोटानं बंड केलं. (मी सिक्कीमच्या डोंगरात लष्करी ट्रकमधून हिंडलेला माणूस. पण त्या ट्रकमध्ये पुढच्या बाकावर कुणी भुईमुगाच्या शेंगा सोलत नव्हतं.) मग काय विचारता. एक पोर लिंबू पिळतेय, दुसरी वहीनं वारा घालतेय, तिसरीनं कंडक्टरला दम देऊन गाडी थांबवली. विजूनं माझं कपाळ धरलं आणि मैत्रिणींना म्हणाली, "आबा पैल्यांदाच आल्यात, हुईल सवय." राखायला कोण आलं होतं आणि राखलं कुणाला, ते तुम्हीच ठरवा.

आक्का, घरात आपली विजू किती बोलते ते तुम्हाला माहीत आहे. व्हय आणि न्हाई, संपलं. जेवायला वाढताना दुसरी भाकरी हवी का हेही ती डोळ्यांनी विचारते. औंधच्या मैदानावर तिचा आवाज ऐकून मी मागं वळून बघितलं, की ही कुणाची पोर एवढी ओरडतेय. धोंडुबाई म्हणून जतकडची एक धनगराची पोर संघाची कप्तान आहे. शिकायला इस्लामपुरात मामाकडे राहते. तिच्या गळ्यात हात टाकून आपली विजू हसत होती. दात दाखवून. मला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. वाटलं, ही आता आपली राहत नाही.

तसाच उठलो आणि डोंगर चढून यमाईपुढं उभा राहिलो. म्हटलं, आई, आज हा संघ हरू दे. पोरगी आपणहून कंटाळेल, मला काही ठरवायला नको, आणि तिचा माझ्यावर रागही नको.

खाली येऊन कळशी घेऊन मनुबाईंशेजारी बसलो, तर विजूची पळायची पाळी चालू होती. खो-खो तुम्ही बघितलेला नाही म्हणून सांगतो. दोन खांबांच्या मध्ये ओळीनं बसलेल्या पोरी एकमेकींना खो देत उठतात आणि पळणारीला शिवायला बघतात. विजूच्या जोडीच्या दोघी बाद झालेल्या, म्हणजे ती एकटी आणि त्या सगळ्या. विजू खांबाला हात लावून अशी वळली, की शिवणाऱ्या पोरीच्या हातात नुसता वारा आला. पुन्हा वळली, पुन्हा वारा. औंधची माणसं टाळ्या वाजवायला लागली. मीही उभा राहिलो. कळशी लवंडली, मनुबाईंचं पातळ भिजलं, आणि मी डोंगराकडं तोंड करून हात जोडले, की आई, मघाचं माघारी घेतो, जिंकू दे.

एकाच भक्ताची एका तासात दोन साकडी. देवीनं दोन्हींचा मान राखला आणि सामना बरोबरीत सोडवला. मग जादा डाव झाला. त्यात विजू वळताना घसरली, सगळ्यांत आधी बाद झाली, आणि संघ एका गुणानं हरला.

ती रडेल म्हणून मी पंचा घेऊन गेलो. धोंडुबाई तिच्या गुडघ्याची माती झाडत म्हणत होती, "उजवा पाय आदी टाकतीस म्हून घसारतीस. सोमवारी बगू." एवढंच. कुणी कुणाला दोष दिला नाही. मग विजू माझ्याजवळ आली. म्हणाली, "आबा, तुमी मला संघातनं काढून घरला न्यायला आलाय, मला ठावं हाय. आज न्या. पर सोमवारी सोडा. मला पाय शिकायचाय." एका दमात इतकी वाक्यं ती माझ्याशी जन्मात बोलली नव्हती. मी फक्त व्हय म्हणालो. परतताना ती धोंडुबाईच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. माझाही खांदा रिकामाच होता, पण कळशी मांडीवर असल्यामुळं सोयीचा नव्हता, अशी मी मनाची समजूत घातली.

तर पोरीला पाठवावं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. घरात मोठ्या तुम्ही. तुमचा शब्द अखेरचा. सल्ला कळवावा, त्याप्रमाणे वागेन.

तुमचा आज्ञाधारक भाऊ,
लालासाहेब

ता. क. पुढचे सामने तुमच्या रहिमतपूरलाच आहेत. शुक्रवारी दिवस मावळायला बारा पोरी आणि मनुबाई तुमच्या दारात येतील. उतरायची सोय तुमच्याकडे होईल असं मी सांगून बसलो आहे. तुमचा सल्ला इथं पोचायच्या आधीच त्या तिथं पोचलेल्या असतील. तरी सल्ला पाठवावाच, मी आदरानं वाचेन. पोरी फार खात नाहीत, असं साळूबाईनं लिहायला सांगितलं आहे. तिनं त्यांना जेवताना बघितलेलं नाही.

ता. क. दुसरा. मी येणार नाही. पोरगी येऊ नका म्हणाली नाही, या म्हणाली, म्हणूनच येत नाही; तिनं बोलावलं, तेवढं मला पुरलं. विजू झोपेत लाथा मारते, तिला भिंतीकडेला निजवावं. पोरींच्या मधे निजायचं म्हणाली तर निजू द्यावं. आणि आक्का, गुडघा दुखत असला तरी दाजींच्या सायकलवर मागं बसून मैदानावर जावं. मी नसताना ती कशी पळते, ते सगळं बघून मला लिहावं. हरली-जिंकली ते शेवटी लिहिलं तरी चालेल.