आबांच्या नावाचं इंजिन

३ जानेवारी १९८६
नगरपालिकेचा होकार आला! चौकात माझं लोखंडी शिल्प, वाफेचं इंजिन. रत्नागिरीत रेल्वे येईल तेव्हा येईल, माझं इंजिन आधी पोचणार. खाली वडिलांच्या नावाची पाटी : 'श्री. धोंडू रावजी शिगवण यांस अर्पण'. आबांनी मुंबईत रेल्वेच्या वर्कशॉपात पस्तीस वर्षं इंजिनं जोडली. खूश होतील. महिन्याभरात काम फत्ते.

९ फेब्रुवारी
मिरजोळ्याच्या शेडमध्ये चाकं तयार. पालीला घरी जाऊन आबांना ड्रॉइंग दाखवलं. आजारी माणूस उठून बसला. म्हणाले, सदू, चाकांना जोडणारा दांडा कुठाय? मी म्हटलं, दांड्याने डिझाइन बिघडतं. तर म्हणतात, मग हे चालायचं कसं? मॉडर्न आर्ट आहे, चालवायचंय कुणाला? बहीण मथुरा पदराआड हसली. अक्कल नाही मेलीला.

२० मार्च
मथुराचा निरोप. आबा रोज विचारतात, दांडा लावला का? शेडमध्ये नेऊन एकदा दाखव म्हणतात. डॉक्टर म्हणे महिना-दीड महिना सांगतो. त्याला काय कळतंय! आबा खडखडीत आहेत. थेट उद्घाटनालाच आणीन, खुर्चीत बसवून.

६ एप्रिल, सकाळी
खाऱ्या हवेने चाकं गंजली. बरंच झालं. जुनी वाटतात.

१९ एप्रिल
गुपचूप दांडा करून पाहिला. बसत नाही. चाकंच लहानमोठी झालीयत. लोकांना कळणार नाही. आबांना कळेल. त्यांना इतक्यात आणायचं नाही.

२ मे
आबा काल दुपारी गेले. मी शेडमध्ये चाकांना रंग देत होतो. मथुरा म्हणते, सदू न्यायला येईल म्हणून शेवटपर्यंत दाराकडे बघत होते. तिला वाढवून सांगायची सवयच आहे. फार रडलो. पाटीवर आता 'स्मरणार्थ' करावं लागेल.

१० मे
दहावा. नदीवर पिंड ठेवले. कावळे झाडावर, पण एकही शिवेना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, शब्द द्या.
हात जोडून म्हटलं, आबा, इंजिन पुरं करीन. नाही. दांडा बसवीन. नाही. तुमचं नाव मोठ्या अक्षरात लावीन. होते ते कावळेही वरच्या फांदीवर गेले. ऊन चढलं. माणसं चुळबुळायला लागली.
शेवटी मथुरा पुढे झाली. म्हणाली, "आबा, त्या इंजिनावर तुमचं नाव मी लावू देणार नाही."
तिचं बोलणं संपायच्या आत तीन कावळे पिंडावर.
भुकेले असणार. अकरा वाजून गेले होते.
कुणी माझ्याकडे बघेना. दुपारी शेडमध्ये जाऊन पाटी काढली.