चौथा भाग नाशकात

पुणतांबा,
नाताळाच्या आधीचा आठवडा

प्रिय सृष्टी,

फोन करता आला असता. पण फोनवर तू लगेच 'आबा कसे आहेत' विचारतेस आणि मी तोंड उघडायच्या आत रडायला लागतेस. म्हणून कागद घेतला. तू रडलीस तरी पुढचं वाक्य जागेवर थांबून राहील.

इथे थंडी छान पडली आहे. सकाळी गोदावरीवर इतकं धुकं असतं, की घाटाच्या वरच्या पायऱ्या तेवढ्या दिसतात, बाकीच्या पाण्यात गेल्या की धुक्यात ते कळत नाही. शाळेला जाताना मी तिथे उगाच रेंगाळते. आपल्या कादंबरीतली नदी आठवते, संध्याकाळ झाली की उलटी वाहणारी, आणि तिच्या तळाशी वसलेलं ते दिव्यांचं गाव. परवा धुक्यातून एक होडी हळूहळू काठाला आली आणि मला खरंच वाटलं, की गोष्टीतली ती नावाडीण पोर परत आली. होडीत आपला हनुमंत होता, जाळं घेऊन. मला म्हणाला, "बाई, शाळंला उशीर व्हतोय ना?" या वयात मला असली स्वप्नं पडतात, हस तू.

त्या कादंबरीचं आपण काय करून ठेवलं ते आठवतं ना? इमॅन्युएलनं नगरच्या प्रदर्शनातून ती उशीएवढी जाड कादंबरी आणली आणि वाचायला सगळेच टपलेले. शेवटी रविराजनं आपल्या झेरॉक्सच्या दुकानात तिचे सरळ चार भाग कापले, दाभणानं शिवले आणि सिमेंटच्या गोणीचा खाकी कागद चढवला. एकाचं वाचून झालं की त्यानं तो भाग पुढच्याच्या हातात द्यायचा, आणि शेवट कुणी कुणाला सांगायचा नाही. तेव्हा तू सगळ्यांच्या पुढे होतीस. लग्नासाठी घर सोडताना पोरी दागिने नेतात, तू पिशवीत चौथा भाग घेऊन गेलीस! अजून गावात कुणालाच शेवट माहीत नाही.

हे थट्टेवारीनं लिहिते आहे, पण तुम्ही दोघांनी कोर्टात लग्न केलं त्यानंतरचे दिवस मला अजून जड जातात. माझ्याच भाच्याशी, इमॅन्युएलशी, तू लग्न केलंस म्हणून तुझ्या आबासाहेबांनी माझ्याशीही बोलणं टाकलं. तुझी आई गेल्यापासून तुझी वेणी मीच घालायची, ते सगळं एका दिवसात पुसलं गेलं. रस्त्यात समोर आले की ते उसाकडे बघायचे. मी रागावले नव्हते गं, मला फार एकटं वाटायचं. आणि ओसरीवर बसलेले ते तर माझ्याहून एकटे दिसायचे.

आता नवल ऐक. दिवाळीनंतर चांगुणाआत्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वाचायला बंदी केली. पहिला भाग तिचा आधीच झाला होता, दुसरा रविराजकडे अडकला होता, आणि त्याच्या दुकानातून तिच्यासाठी चुकून तिसराच आला. चारी भाग एकसारखे खाकी, त्यावर आकडा घालायचं शहाणपण कुणाला सुचलं नव्हतं. आत्या तो घेऊन थेट चुलतभावाच्या ओसरीवर गेली आणि म्हणाली, "आबा, मला वाचून दाव. डोळं उघडं ठिवायचं न्हाई म्हनलाय डॉक्टर." आबासाहेबांनी 'चष्मा नाही' म्हणायला चष्मा शोधला आणि तो नेमका सापडला, असं आत्या सांगते.

सुरुवातीला त्यांनी खूप खुसपटं काढली. नदी उलटी वाहते तर खालच्या शिवाराला पाणी कोण देतं, पाटकरी झोपला का, असलं. पण रोज संध्याकाळी वाचत राहिले. त्या भागात नदीखालचे लोक त्या नावाडीण पोरीला विचारतात, तू कुणाची? आणि ती म्हणते, मला वडील नाहीत. पहिल्या भागात तर तिचा बाप वेशीचा राखणदार, चांगला धडधाकट. आत्यानं ठरवूनच टाकलं, की मधल्या भागात तो गेला असणार. दोघं बहीणभाऊ त्या कागदी बापासाठी हळहळली. आबासाहेबांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही म्हणे.

मग रविराजनं दुसरा भाग पोचवला. आणि काल शाळा सुटल्यावर मी दारात रांगोळीला बसले होते, तर समोर जोडे दिसले. मान वर केली तर तुझे वडील. हातात तो दुसरा भाग, बोट पानात अडकवलेलं. "बाई," म्हणाले, "ह्यो बाप तर जिता हाय की. वेस लावून घेतली अन् बसलाय नुसता. मंग पोर बाप न्हाई असं का म्हनली?" मी म्हटलं, त्यानं वेस लावली म्हणून. ते माझ्या पायरीवर बसले, सृष्टी. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग विचारलं, "आमची बी आसंच म्हनत आसंल का?" मी म्हटलं, आमची फोनवर रोज आबा-आबा करून रडते.

म्हणून हे पत्र. शेवटचा भाग कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. नाशकात तुझ्याकडे आहे, मी पोस्टानं मागवून देते, असं मी सांगितलं. तर एकदम उठले. "पोस्टानं नको. तिला म्हनावं, घिऊन ये." फाटकापर्यंत गेले आणि परत वळले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "जावयांचं वाचायचं ऱ्हायलं आसंल तर त्यांना बी घाई करू नका म्हनावं. हितं वसरीवर बसून वाचू द्या. मी थांबतो."

तुझीच,
एंजेलामावशी