उंबऱ्यावरचं इंग्रजी

अण्णा, आज शाळेत मुलींना 'गो' शिकवलं, आणि घरी आल्यापासून तुमच्याशी भांडावंसं वाटतंय. इतक्या वर्षांनी! माणूस गेलं म्हणून काय झालं, राग काय सरणावर जळतो होय?

ठाण्याच्या आपल्या घरात स्वयंपाकघर हीच माझी शाळा. तुम्ही दिवसभर मुलांना इंग्रजी शिकवून यायचात, पाटावर बसायचात, आणि आई भाकऱ्या थापत असताना माझी क्रियापदं घ्यायचात. मुलीला इंग्रजी शिकवतो म्हणून आळी नावं ठेवायची, पण तुम्ही कुठले ऐकताय! तुमची पद्धतच वेगळी. क्रिया केल्याशिवाय क्रियापद बोलायचं नाही. 'सिट' म्हटलं की बसायचं, 'ड्रिंक' म्हटलं की फुलपात्र तोंडाला लावायचं. 'गो'च्या वेळी मी उंबऱ्यापर्यंत गेले, मागे वळले आणि म्हणाले, "आय कम." तुम्ही कपाळावर हात मारून घेतलात.

"अगं, निघालीस ना तू? मग 'आय गो' म्हण. येते म्हणालीस तर साहेब बिचारा वाट बघत बसेल!"

मी उंबऱ्यावरच अडून राहिले. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं, हे बोलायला लागल्यापासून अंगात मुरलेलं. जातं ते मढं. शेवटी तुम्ही दरडावलंत, तेव्हा रडत रडत 'आय गो' म्हणाले, आणि आईनं उलथनं आपटलं. "तुमचं खरंखोटं तुमच्या साहेबाला सांगा. माझ्या उंबऱ्यावर अभद्र नको." तुम्ही हसलात. इंग्रजीत अभद्र लागत नाही म्हणालात. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं.

पुढच्याच हिवाळ्यात आळीत उंदीर मरून पडायला लागले. आधी विहिरीपाशी, मग शेजारच्या ओटीवर, मग आपल्या न्हाणीत. गाठीचा ताप आला, गाठीचा ताप आला, म्हणत लोक घरांना कुलपं घालून मिठागरांपलीकडे झोपड्या बांधून राहायला गेले. देवळातली आरतीसुद्धा बंद पडली. तपासणीची माणसं घरोघर फिरत. ज्याला ताप, त्याला डोलीत घालून खाडीकाठच्या चटयांच्या इस्पितळात नेत. तिथून परत आलेलं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं. आणि एका सकाळी तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, काखेत हात दाबून.

दारात डोली उभी आहे. तपासणीचा गोरा साहेब नाकाला रुमाल लावून अंगणात. आई चौकटीला धरून तुमच्या तोंडाकडे बघतेय. तिला एवढंच ऐकायचंय, 'येतो'. एक शब्द, अण्णा! खोटा तर खोटा. तुम्ही उंबऱ्यावर थांबलात, तिच्याकडे बघितलंच नाहीत. माझ्याकडे बघून म्हणालात, "आय ॲम गोइंग." अगदी बिनचूक. साहेबानंसुद्धा चमकून वर बघितलं.  आता आई विचारणार काय म्हणाले, आणि मी काय सांगणार? पण मी तोंड उघडायच्या आत आई मोठ्यानं म्हणाली, "या." येतो म्हणणाऱ्याला देतात तेच उत्तर. डोली वळणाआड गेली तरी ती म्हणतच होती, "या हं. लवकर या."

त्याच आठवड्यात निरोप आला. आईला न कळणाऱ्या भाषेत तुम्ही तिला फसवून गेलात, हा राग मी इतकी वर्षं बाळगला. मागच्या श्रावणात वाती वळताना एकदाचं बोलून टाकलं. आईनं मान वर केली नाही.

"अगं, चुलीपुढे बसून रोज तेच तर ऐकत होते मी. कळलं होतं. म्हणून तर चटकन 'या' म्हटलं. त्यांना खरं बोलल्यावाचून राहवेना, आणि मला बोलावल्यावाचून."

दिवाळीच्या आत तीही गेली. तेव्हा आता भांडू कुणाशी? पत्र तिच्या वातींच्या डब्यात ठेवते. एवढंच सांगायचं राहिलं. आज तुमच्याच पद्धतीनं मुलींना एकेक करून दारापर्यंत पाठवलं. शेवटची मुलगी उंबऱ्यावर थांबली, मागे वळली आणि म्हणाली, "आय कम." मी तिची चूक सुधारली नाही, अण्णा. "ये," म्हणाले.