तळ्यातला ओक

१२ मार्च १९५८

गेल्या पानगळीतल्या त्या सकाळीसुद्धा आधी कोंबड्यांना दाणे टाकले होते. चुलीतली राख काढली, मक्याची भाकर भाजायला ठेवली – आणि होबर्ट कुऱ्हाड घेऊन दारात उभा. म्हणाला, चल, भाकर जळत नाही. जळली! ओढ्यापलीकडच्या उतारावर एका पांढऱ्या ओकखाली थांबलो. त्याने बुंध्यावर तळवा ठेवला आणि नेहमीसारखं विचारलं, "डेल्फी, साल कशी चाललीय?" मी वर पाहिलं. सरळ, म्हटलं, पहिल्या फांदीपर्यंत. साल पिळवटत गेली की आतलं लाकूडही पिळलेलं. टोपलीसाठी त्याच्या पट्ट्या निघत नाहीत. दर झाडाखाली तो शाळामास्तरासारखा हाच प्रश्न विचारायचा आणि मी वैतागायचे.

ते त्याचं शेवटचं झाड. नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच, मला एकटीला ठेवून तो वारला.

त्या ओकच्या फोडलेल्या फाका तळ्यात बुडवून ठेवल्या होत्या, सुकू नयेत म्हणून. हिवाळाभर त्यातूनच टोपल्या विणल्या. आज पाहिलं – एकच तुकडा उरलाय.

१३ मार्च

काढला नाही. राहू दे पाण्यात.

१६ मार्च, रविवार

चर्चनंतर वेल्मा आली, लुईव्हिलहून, जावयाच्या गाडीतून. लेकीने आल्या आल्या सगळी कपाटं उघडून पाहिली. मी उपाशी राहते की काय, अशी तिला शंका. वाळवलेल्या सफरचंदांचा केक दोन वेळा मागून घेतला, मग मुद्द्यावर आली. टोपल्या विणशील गं आई, पण झाड कोण निवडणार? ते बाबा करायचे. लाकूड नाही तर टोपल्या नाहीत, आणि टोपल्या नाहीत तर या दरीत एकटी करणार काय?

शेवटी ठरलं. एप्रिल संपायच्या आत तळ्यात नवं लाकूड पडलं, तर मी इथेच राहणार. नाही तर तिच्या माडीवरच्या खोलीत. खोलीला खिडकी आहे म्हणाली. पाहिलीय मी ती खिडकी. समोर शेजाऱ्याची भिंत!

मी कबूल केलं. हरायचा माझा विचार नाही.

२५ मार्च

एस्टिल आला होता. होबर्टचा धाकटा भाऊ. करवतीचं दुसरं टोक धरायला तोच लागणार, म्हणून आधी जेवायला घातलं. पोट भरल्यावर म्हणाला, वहिनी, झाड मी बघतो. झाड निवडणं म्हणजे कोंबडी निवडणं नव्हे. मी म्हटलं, कोंबडी तरी तुला कुठे जमते? गेल्या वर्षी अंड्यांसाठी म्हणून कोंबडा घेऊन आलास.

हसला. मग तळ्याकडे बोट दाखवून विचारलं, तो तुकडा का ठेवलाय? काळा पडेल, सडेल.

होबर्टने निवडलेलं शेवटचं लाकूड आहे, एवढंच बोलले. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग टोपी खाली ओढली आणि गेला.

३ एप्रिल

फिरत्या वाचनालयाची पुस्तकांची गाडी आली. यावेळी झाडांच्या नावांचं पुस्तक घेतलं. रोमन लोक ओकला आणि ताकदीला एकाच शब्दाने ओळखायचे म्हणे. बरोबर असेल. त्यांना जहाजं आणि तुळया हव्या होत्या. आम्हाला ओक म्हटलं की वाकणं आठवतं. करंगळीएवढी पट्टी, गुडघ्यावर ठेवून वाकवली तरी तुटत नाही. त्या लोकांनी कुणी टोपली विणली नसावी.

वाचून झाल्यावर सवयीने मान वर केली, होबर्टला सांगायला.

९ एप्रिल

एस्टिलच्या निवडीचं झाड पाडलं. शेंड्याकडे साल वळतेय, मी सांगितलं होतं. पण सकाळपासून त्याची कुरबुर, म्हटलं होऊ दे त्याच्या मनासारखं. पाचर ठोकली. लाकूड दोरासारखं पिळलेलं! वर्षभराचं जळण झालं. एस्टिल माझ्याकडे न बघता फांद्या गोळा करत राहिला.

१८ एप्रिल

आज मी निवडलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, सावलीतलं. खाली उभी राहिले तर कुणी काही विचारेना. मग मीच मोठ्याने म्हटलं, "सरळ."

एस्टिलने करवत खाली ठेवली. "वहिनी, बोलू नको म्हणून त्याने शपथ घातली होती. शेवटची तीन वर्षं होबर्टला बुंध्याच्या वरचं काही दिसत नव्हतं. कुऱ्हाडसुद्धा चाचपून घालायचा. तुला कळलं असतं तर तू त्याला रानात जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं!"

"म्हणून तर तुला विचारायचा. झाडं तूच निवडायचीस. मला वाटायचं, त्यात काय एवढं. परवा ते पिळलेलं लाकूड निघालं तेव्हा कळलं."

मी करवतीचं माझं टोक धरलं. झाड पडलं. पहिल्याच पाचरीला बुडापासून वरपर्यंत उभी चीर गेली. फाका तळ्यात टाकून आलो. वेल्माला कळवायला एस्टिल दुकानातल्या फोनवर गेलाय.

दर संध्याकाळी होबर्ट म्हणायचा, डेल्फी, तूच वाचून दाखव. मला वाटायचं, माझा आवाज आवडतो. आवडतही असेल.

एवढा राग आलाय त्याचा! समोर असता तर जेवायला वाढलं नसतं. वाढलं असतं.

२० एप्रिल

काल कोंबड्यांना दाणे टाकले. मग तळ्यातला तो जुना तुकडा काढला आणि फोडला. वरून काळा होता, आत पांढरा. त्याची टोपली विणायला घेतली.