चिमणीचं बेलारुसी भाषांतर

२ जून, सोमवार. केज.
आजपासून परकीय भाषेचा अभ्यास. निर्णय पक्का. कारण युसूफ.
युसूफ माझा शाळूसोबती. स्टँडसमोर फळांचं दुकान. लेक शाईस्ता लग्न होऊन मलेशियात. हा गिऱ्हाईक ताटकळत ठेवून नातवाशी व्हिडिओ कॉलवर मलय बोलतो, वर माझ्याकडे बघून डोळा मारतो. या वयात! शिसारी आली.
आमची नात स्वप्ना बेलारूसला, मिन्स्कमध्ये डॉक्टरकी शिकते. तिचा फोन येतो, पण आजीला. माझ्या वाट्याला, आबा बरेयत ना, ठेवते. लहानपणी हीच माझ्या मांडीवरून उठत नव्हती. मी चौथीच्या वर्गासाठी रचलेली कविता दहादा म्हणायला लावायची:
ये गं चिमणे, पाटीवर बस,
दाणे टीप, पण अक्षर नको पुस.
तशी कविता आता होत नाही. आताच्या पाठ्यपुस्तकांबद्दल न लिहिलेलं बरं.
स्वप्ना जुलैत सुट्टीवर येतेय. तोवर बेलारुसी फाडफाड आली पाहिजे. मग बघू माझ्याजवळून कशी उठते.

५ जून.
मोबाईलमधल्या शिकवणीच्या अ‍ॅपात बेलारुसी नाही! रशियन आहे. सौ. सारजाबाई म्हणाल्या, मग रशियनच शिका की, फुकट हाय. अडाणी सूचना. देश बेलारूस, तर भाषा बेलारुसीच असणार. मी भूगोलही शिकवलाय.
यूट्यूबवर एक बाई सापडल्या. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल. फार भरभर बोलतात. वर्गात नीट शिकवत नसणार.

९ जून.
तौलनिक अभ्यास सुरू. मलय ही भाषाच नव्हे. लिंग नाही, काळ नाही. काल मी खाणे, उद्या मी खाणे. अनेकवचन काय, तर पुस्तक-पुस्तक. असल्या भाषेत परीक्षेला विचारायचं काय? याउलट बेलारुसी: तीन लिंगं, सहा विभक्त्या. दोन, तीन, चार म्हणजे दवा, त्री, चतीरी. खानदानी काम.
हे सगळं युसूफला दुकानात जाऊन ऐकवलं. तो म्हणाला, बुमी म्हंजे भूमी, बहासा म्हंजे भाषा, गुरु म्हंजे गुरु. तुझ्याच घरचा माल हाय बे मास्तर, नाक कावून मुरडतो?
डझनभर केळी घेतली. घरी येऊन बघतो तर आतून काळी.

२१ जून.
दोन विभक्त्या झाल्या. तिसरीला डोकं दुखतं. उद्यापासून पहाटे चारला उठणे.

२२ जून.
साडेआठला उठलो. रात्री सौ. घोरत होत्या.
युसूफनं शाईस्तानं पाठवलेली दुरियान नावाच्या फळाची वडी दिली. शी! गटारात कांदा सडावा तसा वास. हा प्राणी मिटक्या मारत खात होता. या भाषेबद्दलचं माझं मत कायम.

६ जुलै.
विभक्त्या सोडल्या. कवी माणसाला व्याकरणाची गरज नसते. थेट माझ्या चिमणीचं बेलारुसी भाषांतर करतोय. मोबाईल करतो, मी त्याला ठेका लावतो. दिवसभर गच्चीवर पाठांतर. शेजारच्या उत्तरेश्वरनं सौ.ला विचारलं म्हणे, मास्तरला बाहेरचं काही लागलंय का. लई घाण माणूस.

१९ जुलै, शनिवार.
स्वप्ना आली. स्टँडवर हार घालून चिमणी म्हटली, पूर्ण. पॅसेंजर थांबले. युसूफनं टाळ्या वाजवल्या. स्वप्ना आधी घाबरली, मग तिनं मोबाईलवर शूटिंग केलं. म्हणजे भारावली. घरी येईपर्यंत मात्र मोबाईलमधून मान वर काढली नाही. प्रवासाचा शीण असणार.

२० जुलै.
चहाच्या वेळी स्वप्नानं हळूच सांगितलं. आबा, तिथं सगळे रशियनच बोलतात. कॉलेजात, बाजारात, बसमध्ये. मला बेलारुसी येत नाही. होस्टेलच्या दारावर एक म्हातारी बसते, ती बोलते. पोरं हसतात तिला.
मी म्हणालो, अशक्य. स्वतःच्याच देशात?
यावर युसूफ, जो आमचा चहा प्यायला नेमका हजर असतो, खदखदून हसला. मास्तर, तुझा बाप निजामाच्या शाळंत कशात शिकला बे? उर्दूत न्हाई का? अन् घरी मायला हाक कशात मारायचा?
सौ. म्हणाल्या, मी तवाच सांगितलतं. रशियन फुकट हाय.
दोघांचाही तिटकारा आला. जेवलो नाही. नंतर जेवलो.

२२ जुलै.
स्वप्नानं ते शूटिंग होस्टेलच्या म्हातारीला पाठवलं होतं. आज म्हातारीचा आवाजातला निरोप आला. लांबलचक. मधेच आवाज भरून आलेला. मला 'ज्याकुय', म्हणजे धन्यवाद, एवढं कळलं. स्वप्नाला तेही नाही. माझ्या उच्चारांचं कौतुक असणार.
पण त्या निमित्तानं पोरगी माझ्याजवळ येऊन टेकली. दोन वर्षांत पहिल्यांदा. म्हणाली, आबा, ती चिमणी मराठीत म्हणा ना. विसरलेय मी.
सावरून बसलो. घसा साफ केला. ये गं चिमणे, पाटीवर बस.
पुढं बेलारुसी आलं. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा बेलारुसी. चाळीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलेली ओळ! डोळे मिटले, मांडीवर ताल धरला. स्वप्ना वाट बघत होती.
स्वयंपाकघरातून सौ. ओरडल्या, अवो, दाणे टीप!
स्वप्ना हसत उठली आणि आत गेली. भाकरीच्या थापांवर दोघी म्हणू लागल्या. सौ.चा ठेका साफ चुकत होता. असह्य झालं. दुरुस्त करायला दारापर्यंत गेलो, पण दुसरी ओळ त्या म्हणेपर्यंत थांबावं लागलं.