वाघासाठी तळहाताएवढ्या पुरणपोळ्या

नळदुर्ग, माघ शुद्ध पंचमी, शके १८६५

राजमान्य राजश्री रेवणप्पा दाजी यांच्या चरणी, धाकटा मेहुणा शांतलिंग याचे शरणु शरणार्थी. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत. अव्वाचे गुडघे तेवढे चढण आली की कुरकुरतात, पण भांडण आलं की एकदम गप्प बसतात, म्हणजे औषधाची गरज नाही. तुमचा खोकला गेला का? पार्वतअक्का बरी आहे ना? चि. वीरप्पा आता तीन वर्षांचा झाला, धावत असेल, बोलत असेल. (कुणासारखा दिसतो ते कळवा. अव्वानं विचारलेलं नाही. मीच विचारतो आहे.) तुमच्या मातोश्रींना माझे दोन वेळा शरणार्थ सांगा. एक माझा आणि एक असाच.

पत्रास कारण की, अव्वानं वाघ बघायला हैदराबादेला यायचं ठरवलं आहे. हे वाचून तुम्हाला ठसका लागला असेल तर आधी पाणी प्या. आमच्या आईनं, म्हणजे मल्लम्मा किराणावालीनं, जिनं आजवर दुकानाच्या गल्ल्यापासून उठून किल्ल्यातला पाण्याचा महालसुद्धा पुरता बघितला नाही, तिनं! तुम्हीच मागं लिहिलं होतं की तिथल्या सरकारी बागेत पिंजऱ्यातली जनावरं आहेत, वाघ आहे, लोक घरून फराळ बांधून आणतात आणि दिवसभर हिंडतात. ते मी सहज वाचून दाखवलं. अव्वा चिंच निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण ते पत्र मला परत एकदा वाचायला लावलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लिंगपूजा आटोपून बाहेर आली ती सांगतच, की येरमाळ्याची येडाई देवी स्वप्नात आली होती आणि म्हणाली, माझं वाहन तिकडं हैदराबादेत कोंडून पडलंय, त्याच्या तोंडात कुणी गोडाचा घास घातला नाही, तू जा. मी म्हणालो, अव्वा, देवीला एवढ्या लांबचं कसं कळलं? तर म्हणाली, तुला पत्रानं कळतं, तिला कळू नये?

आता दाजी, तुमच्या घराचा विषय मी काढत नाही. तीन वर्षं काढला नाही, आज कशाला काढू? पण लोक काढतात त्याला मी काय करू! पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीणबाईंनी अक्काला प्रवासाची मनाई केली, इथं कुणाची चूक नाही. अव्वा मग बारशाला सागवानी पाळणा घेऊन हैदराबादेला आली. ज्या पाळण्यात अक्का झोपली, मी झोपलो (आणि मी म्हणे त्याची एक कडी चावून वाकडी केली), तो पोपट कोरलेला पाळणा. तुमच्या मातोश्रींनी आधीच नवा पितळी पाळणा टांगला होता, यातही चूक नाही. त्या एवढंच म्हणाल्या की हा कोपऱ्यात ठेवा, कपडे ठेवायला होईल. अव्वानं पाळणा उचलला आणि आल्या पावली परत फिरली. बाळाचं तोंडसुद्धा नीट बघितलं नाही तिनं. तेव्हापासून तो पाळणा माळ्यावर आहे आणि त्यात चिंच आहे, कारण कपड्यांपेक्षा चिंच बरी. विहिणीनं स्वतः बोलावल्याशिवाय मी त्या उंबऱ्यात पाय ठेवणार नाही, असं अव्वा म्हणते. तुमच्या मातोश्री म्हणतात, आपण होऊन गेली ती आपण होऊन येईल. दोघी आपापल्या जागी बसल्या आहेत आणि मधे तुम्ही, मी, अक्का आणि ते पोरगं. असो. विषय मी काढलेला नाही.

तर वाघ. स्वप्न झालं तरी देवीचा कौल हवाच. खाजाभाईची लॉरी शेंगा घेऊन कळंबला निघाली होती, तिच्यात बसून आम्ही येरमाळ्याला गेलो. खाजाभाई म्हणजे आमचा शेजारी, हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्याची लॉरी तुम्ही हल्ली बघितलेली नाही. लढाईमुळं पेट्रोल मिळत नाही, म्हणून त्यानं मागं कोळशाची भट्टी बसवून घेतली आहे. चढ आला की लॉरी थांबते, खाजाभाई उतरतो, भट्टीत काठी घालून ढवळतो आणि लॉरीची मनधरणी करतो. खाजाभाईची आई सरदारबी संगं होती. ती आणि अव्वा चाळीस वर्षांच्या मैतरणी, रोज भांडतात म्हणून टिकल्या आहेत. येडाईपुढं गुरवानं देवीला फुलं लावली. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. डावं पडलं. अव्वाचा चेहरा एवढासा झाला. पण लगेच पदर खोचून ती गुरवाला म्हणाली, देवीला सवाल कळला नाही, मी कानडीत विचारते. आणि विचारला! काय विचारलं देव जाणे, इतक्या हळू आवाजात तिला बोलताना मी जन्मात ऐकलेलं नाही. फूल उजवं पडलं. गुरव बघतच राहिला. दाजी, अशी बाई दहा गावांत सापडायची नाही.

मग सुरू झाली तयारी. देवीच्या वाहनापुढं रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून पुरणपोळीचा नैवेद्य ठरला. सरदारबी हसून हसून भिंतीला टेकली. म्हणाली, "अगे मल्लम्मा, शेर कू पोळी? उने क्या शादी कू आया सो मेहमान है?" तिचं म्हणणं, तिकडं गेल्यावर ती बाजारातून त्याच्या आवडीचं आणील आणि पोटभर खाऊ घालील. अव्वा कडक लिंगायत, तिच्यासमोर मटणाचा विषय काढायचा म्हणजे! मला वाटलं, आता चाळीस वर्षं संपली. पण अव्वानं क्षणभर विचार केला आणि निवाडा दिला, की ताटात आधी गोड वाढतात, म्हणून आधी माझी पोळी, मग मी पाठ फिरवून उभी राहीन, तेव्हा तू काय द्यायचं ते दे. सरदारबीला हे पटलं. अशा दोन बायका कचेरीत बसवल्या तर एक खटला शिल्लक राहायचा नाही.

पण नैवेद्य फेकता येत नाही. पानावर वाढायचा, भोवती पाणी फिरवायचं. गजांच्या आत हे कसं जमावं? अव्वानं त्यावर रंगीत तालीम घ्यायचं ठरवलं. आपल्या दुकानाच्या मागच्या खोलीला लोखंडी गज आहेत, तिथं वाघाला बसवलं. वाघ म्हणजे मी. (घरात दुसरा पुरुष नाही आणि अव्वाच्या मते माझ्या मिशा तशाच आहेत.) अव्वानं वेळूच्या काठीला झारा बांधला, झाऱ्यावर केळीचं पान, पानावर तूप सोडलेली पोळी, आणि दुसऱ्या काठीला पाण्याची पळी. मी आत गुरगुरलो नाही म्हणून सरदारबी रागावली, म्हणून गुरगुरलो. तेवढ्यानं गल्ली गोळा झाली. कुणी म्हणालं शांतलिंगाला पिसाळलेलं कुत्रं चावलं, कुणी म्हणालं कर्ज बुडवलं म्हणून आईनं कोंडला. नाक्यावरचा जमादार आला आणि हा इसम आत का, म्हणून विचारू लागला. अव्वा म्हणाली, "इसम न्हाय, वाघ हाय." पळी फिरली, पाणी माझ्या डोळ्यात गेलं, झारा कलंडला आणि पोळी तुपासकट डोक्यावर आली. मी ती खाल्ली. जमादारही बाहेर एक पोळी खाऊन गेला आणि तालुक्यात असा बंदोबस्त बघितला नव्हता म्हणाला.

पोळ्यांचंही एक सांगायचं राहिलं. तालमीच्या पोळ्या तळहाताएवढ्या होत्या. माझी बायको गंगम्मा म्हणाली, अव्वा, वाघाला एवढीशी काय पुरणार, ताटाएवढी लाटते. तर अव्वा म्हणाली, वाघाचा घास लहान असतो. शिवाय वेलदोडा कमी, कारण वाघाला तिखटपणा झेपत नाही, आणि पुरण दोनदा वाटायचं, कारण वाघाचे दात अजून... इथं ती थांबली आणि गंगम्मालाच ओरडली, पोळी करपतीय म्हणून. पोळी करपत नव्हती, दाजी, तवा अजून तापलासुद्धा नव्हता.

येण्याचा बेत असा. माघी पौर्णिमा झाली की दुसऱ्या दिवशी खाजाभाईची लॉरी शेंगा घेऊन हैदराबादेला निघेल. अव्वा, सरदारबी, गंगम्मा आणि मी तिच्यातून येऊ. मुक्काम मठात करू (तुमच्या घरी नाही, गैरसमज नसावा, बोलावणं नाही), आणि पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बागेत जाऊ. तर तुम्ही एवढं कळवा: बायकांसाठी वेगळा दिवस असतो का, आत विहीर किंवा नळ आहे का, कारण अव्वा पूजेशिवाय घास घेत नाही. आणि वाघाच्या पिंजऱ्याजवळ सावलीचं झाड आहे का, जिथं बसून शिदोरी सोडता येईल. तसदीबद्दल माफी असावी. बाकी काही मागणं नाही. लोभ आहेच, तो तसाच राहू द्या.

आपला,
शांतलिंग

ता. क. बाकी काही मागणं नाही असं वर लिहिलं, ते अव्वा मागं उभी होती म्हणून. आता ती देवघरात गेली आहे. दाजी, तुमच्या पाया पडतो, त्या दिवशी दुपारी तुम्ही अक्काला आणि वीरप्पाला घेऊन वाघाच्या पिंजऱ्याशी या. सहज आल्यासारखे या. सरकारी बाग आहे, तिथं ना कुणाचा उंबरा, ना कुणी यजमान, ना कुणी कुणाला बोलवायचं. कुणाचंच नाक खाली होत नाही. हे अव्वानं पहिल्याच दिवशी ओळखलं, मला ओळखायला येरमाळ्याहून परत येईपर्यंत वेळ लागला. काय डोकं आहे बाईचं! तुमच्या मातोश्रींनाही हवा खायला बाहेर पडावंसं वाटलं तर बाग सगळ्यांची आहे. अक्काला मात्र आश्चर्य करायची सवय करून ठेवा. तिला खोटं येत नाही, लहानपणी गूळ खाऊन विचारायच्या आधीच नाही म्हणायची.

ता. क. दुसरी गोष्ट. काल दुपारी दुकान बंद करून जेवायला गेलो तर माळ्यावरची चिंच सगळी पोत्यात भरलेली आणि अव्वा अंगणात पाळणा घासत बसलेली. काय करतीस म्हणालो, तर म्हणाली, वाळवी लागली का बघते. वाळवी काही नव्हती. पोपटांच्या चोचीतली चिंच ती काडीनं काढत होती आणि ती वाकडी कडी हातात धरून बराच वेळ तशीच बसली. मला फार भरून आलं, दाजी. मी आत जाऊन ताटावर बसलो. जेवण गेलं नाही.

ता. क. घात झाला. अव्वानं पत्र वाचून दाखवायला लावलं. मी "आपला, शांतलिंग" इथं थांबलो, तर म्हणाली, खाली शाई दिसतीय, ते वाच. वाचलं. मला वाटलं आता पत्र चुलीत जातंय आणि मागोमाग मीही. पण तिनं बोटानं पत्राखालची कोरी जागा दाखवली. मग म्हणाली, मी सांगते ते लिही, आणि तू मधे तुझं काही घालू नको. म्हणून हे तिचं आहे:

"पाळणा लॉरीत घालून आणते. पोरगं मोठं झालं आसंल, मावलं न्हाय तर त्याच्या धाकट्याला हुईल. इहीणबाईस्नी म्हणावं, एक पोळी त्यांच्या नावाची हाय, वाघाच्या आधी त्यास्नी वाढीन. पार्वतीला म्हणावं, पोराला ऊन लागू देऊ नको, टोपरं घाल. अन् त्या दिशी वाघ दिसला न्हाय तरी चालंल. येडाईला काय सांगायचं ते मी सांगते. कानडीत."